खात्रीची पट्टी

कॉम्प्युटर बिघडला की माणसं आधी हात झटकतात. "आम्ही काही केलं नाही हो, आपोआप झालं," हे वाक्य माझा भाऊ तुषार दारात चप्पल काढतानाच ऐकायचा. डॉक्टरशी आणि माझ्याशी लोक सारखंच वागतात, असं तो म्हणे. काय खाल्लं ते सांगायचं नाही आणि गोळी मात्र लगेच हवी.

त्या वर्षी मात्र लोक खरं बोलत होते. पावसाळा संपता संपता आमच्या सांगलीत घराघरांतले कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला आणि आपले आपणच पुन्हा चालू व्हायला लागले. आधी दिवसातून एखाद्या वेळी, मग तासा-तासाला, मग नुसतंच बंद-चालू, बंद-चालू.

मी विज्ञानाची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर वरच्या मजल्यावर बसून भिंतींना शिकवण्यापेक्षा भावाबरोबर बॅटरी धरायला जाणं बरं, म्हणून त्या दिवशी मी हरिपूर रस्त्यावरच्या चौगुल्यांकडे गेले होते.

"सारखं बंद पडायलंय आणि चालू व्हायलंय," चौगुले म्हणाले. "निम्मं सांगितलेलं काम गिळतंय. त्याला काय चेष्टा सुचायलीय का काय, कळंना."

तुषार कधीच आल्या आल्या झाकण उघडत नसे. आधी पाणी प्यायचा आणि यंत्र समोर कसं बिघडतं ते बघत बसायचा. मग वायर हातानं चाचपायची, खटका सैल आहे का पाहायचं, पंख्यातली धूळ काढायची, वीज कमी-जास्त होतेय का मोजायचं. एवढ्यानं बहुतेक घरं सुटायची. नाही सुटली तर तो खिशातून आमच्या वडिलांच्या चष्म्याची जुनी डबी काढायचा. तिच्यात मखमलीवर ठेवलेली बोटभर लांबीची स्मृतीची पट्टी असायची. तिला तो खात्रीची पट्टी म्हणायचा.

दुरुस्तीतली सगळ्यात जुनी युक्ती ती. बिघाड कुठे आहे कळत नसेल तर जी वस्तू नक्की चांगली आहे ती लावून बघायची. यंत्र नीट चाललं तर दोष काढलेल्या भागाचा. त्यानं चौगुल्यांच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, तिच्या जागी आपली बसवली, आणि कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालू लागला.

"तुझ्या हाताला गुण आहे बघ," चौगुले म्हणाले. सगळेच तसं म्हणायचे. तुषारला ते आवडायचं आणि आवडत नसल्यासारखं तो दाखवायचा.

आता थोडा वेळ माझ्या वर्गात बसावं लागेल. पूर्वी कॉम्प्युटरची स्मृती सिलिकॉनवर असायची, आता ती प्रथिनांवर असते. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी, आणि ती कशी दुमडते यावर ती काय करणार ते ठरतं. एकच फडकं, घडी घातली तर रुमाल, गुंडाळलं तर डोक्यावरची चुंबळ. विजेचा अगदी हलका झटका दिला की घडी बदलेल आणि वीज गेली तरी तशीच राहील, अशी प्रथिनं शास्त्रज्ञांना बनवता आली. शिवाय घडी नुसती अशी किंवा तशी नसते, मधल्या असंख्य तऱ्हा असतात. त्यामुळे ही पट्टी माहिती तर साठवतेच, पण माणसासारखी सवयही लावून घेते. घरातल्यांचं बोलणं, विसरणं, वैतागणं तिच्यात हळूहळू मुरत जातं. मात्र मुरलेलं दुसऱ्या पट्टीत उतरवून देता येत नाही. कृती लिहून देता येते, हाताची चव देता येत नाही, त्यातलाच प्रकार.

पट्ट्या शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या कडा ओलसर असतात, एकमेकींना टेकतात आणि त्या ओलाव्यातून निरोप इकडून तिकडे जातात. कॉम्प्युटरला आपल्याच स्मृतीत काही विसंगत सापडलं की तो स्वतःला बंद करून पुन्हा चालू करतो. चालू होताना पट्टी किंचित तापते, चुकीची दुमडलेली प्रथिनं उलगडतात आणि पुन्हा सरळ घडी घेतात. म्हणजे बंद करून चालू करणं हा नुसता तोडगा नव्हता, ते औषधच होतं. इतकं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आता आमच्या घरातल्या कॉम्प्युटरविषयी सांगते, कारण बाकी गावाचं काहीही झालं असतं तरी मला एवढं वाटलं नसतं.

तुषारची बायको शलाका एसटी स्टँडवर उद्घोषक होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. रिक्षावाल्यांपासून भाजीवाल्यांपर्यंत सगळे तिला आवाजावरून ओळखायचे. घरी आल्यावरही तिच्या तोंडाचा पट्टा चालूच. आमची आई म्हणायची, ही झोपेत गप्प असते तेवढीच काय ती विश्रांती. मग तिला मेंदूचा झटका आला. हात-पाय वाचले, पण शब्द सापडेनासे झाले. ऐकलेलं सगळं कळायचं, बोलायला गेलं की अडायचं. तेव्हा तिच्याकडे शे-दोनशे शब्द उरले होते.

त्या काळात वाचा-उपचाराच्या बाईंनी कॉम्प्युटरची ही सोय लावून दिली. कपाळावर एक पातळ पट्टा बांधायचा. मेंदूत उठणारे विजेचे बारीक तरंग तो टिपतो, आणि कुठल्या तरंगाला कुठला शब्द ते स्मृतीची पट्टी शिकते. शलाका उरलेल्या शब्दांतून अडखळत बोलायची, चुकली की मान हलवायची, पुन्हा बोलायची. वर्षभर दोघींचं, म्हणजे तिचं आणि पट्टीचं, असं चाललं. हळूहळू तिला न सापडणारे शब्दसुद्धा पट्टीला सापडू लागले. आवाज तिचाच होता, स्टँडवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घेतलेला.

नंतर दुसरा झटका आला आणि ते शे-दोनशे शब्दही गेले. एक राहिला, मंगळवार. का राहिला ते डॉक्टरांनाही सांगता येईना. लिहिणंही गेलं. हो-नाहीसाठी मान हलवायची तीही उलटसुलट. पट्टा काढला की तिच्या तोंडून भूक लागली तरी मंगळवार, राग आला तरी मंगळवार. पट्टा बांधला की मात्र पूर्वीची शलाका, कॉम्प्युटरच्या खोक्यातून बोलणारी.

"वन्सं," ती मला म्हणायची. हा जुन्या काळचा शब्द ती मला चिडवायला वापरायची. "आमटीत मीठ दोनदा पडलंय. जन्मभर विज्ञान शिकवलंत, पण चव घेऊन बघायचा प्रयोग काही केला नाहीत."

"जेव मुकाट्यानं," मी म्हणायचे.

"मुकाट्यानंच जेवतेय. बोलतंय ते खोकं."

आणि तोंडात घास असताना बोलता येतं म्हणून ती मनापासून खूश असायची.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला तुषारनं नेहमीसारखी अवजारांची पूजा मांडली. पाटावर पेचकस, पक्कड, वीज मोजायचं यंत्र आणि मधोमध डबी उघडून ठेवलेली खात्रीची पट्टी. हळदकुंकू, झेंडूचं फूल. आमचे वडील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, त्यांच्यापासून घरात एक रीत होती. पुजलेलं अवजार आधी घरच्या यंत्राला लावायचं, मग गावाच्या. घरचं यंत्र साजरं तर गावचं साजरं, असं वडील म्हणत. तुषारनं पट्टीवरचा कुंकवाचा कण फुंकून टाकला, ती घरच्या कॉम्प्युटरमध्ये शलाकाच्या पट्टीशेजारच्या मोकळ्या खाचेत बसवली आणि आरती होईपर्यंत तिथेच राहू दिली.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," खोकं म्हणालं. "पुरणपोळी थंड होत आहे."

आम्ही हसलो. तेवढी एक खंडेनवमी मला आयुष्यातून काढून टाकता आली तर बाकी काही मागणार नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी शलाका मला स्टँडवरची एक गोष्ट सांगत होती. तासगावच्या गाडीत कुणी बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढली आणि कंडक्टरनं तिला उतरवायचा प्रयत्न केला, अशी काहीतरी. "आणि मग ती बाई कंडक्टरला म्हणाली," एवढं बोलून खोकं गप्प झालं. दिवा विझला. जरा वेळानं दिवा लागला, पंखा फिरला.

"माफ करा," शलाका म्हणाली. "ड्रायव्हर चहाला उतरला होता."

मी हसले, पण तुषार हसला नाही. त्याचा चेहरा मी पाहिला. गावभर जे बघत होता ते त्याच्या घरात आलं होतं.

त्यानं काय करायचं तेच केलं. वायर पाहिली, खटका पाहिला, धूळ काढली आणि खात्रीची पट्टी लावून बघितली. ती शेजारच्या खाचेत लावली की तिच्यावर थोडं ओझं जायचं आणि यंत्र तासाभरासाठी साजरं चालायचं, काढली की पुन्हा बंद-चालू. म्हणून मग रोजच लावू लागला. दिवसभर गावात चार घरी लावलेली पट्टी संध्याकाळी घरी येऊन शलाकाच्या पट्टीला टेकायची. तिला बोलायला तेवढाच आधार, असं तो म्हणायचा. मी शेजारी बसून भाजी निवडत असायचे आणि मलाही ते शहाणपणाचंच वाटायचं.

आमच्याकडच्या दह्याला त्या आठवड्यात तार सुटली होती. चमच्यानं उचललं की दोरा लांबत जायचा. दुसऱ्यांदा लावलं तर तेही तसंच. म्हणून वाटी घेऊन मी शेजारी कामतांकडे विरजण मागायला गेले. गाडी लावायच्या जागेवरून त्यांचं आणि तुषारचं पूर्वी वाजलं होतं, पण विरजणाला भांडण आडवं येत नाही. कामतवहिनी आत गेल्या तेव्हा त्यांचा कॉम्प्युटर त्यांच्या नातीला पाढे म्हणून दाखवत होता. एकोणतीसचा पाढा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडता.

"तुमचा नाही बंद पडत?" मी विचारलं.

"नाही बाई. एकदाही नाही," वहिनी म्हणाल्या, आणि मग जरा ओशाळून, "आम्ही काय, तुषारभाऊजींना बोलावत नाही ना."

ओशाळून बोलल्या त्या भांडणामुळे. मी मात्र वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. दह्याला तार सुटते तेव्हा आपल्याला वाटतं दूध वाईट. दूध चांगलंच असतं. वाईट असतं ते विरजण. आणि तसलं विरजण ज्या ज्या घरी मागून नेतील तिथलं चांगलं दूधही तारेचंच लागतं. प्रथिनांचंही तसं होऊ शकतं, हे मी स्वतः नववीच्या वर्गात शिकवलेलं होतं. एखादं प्रथिन अशी काही वेडीवाकडी घडी घेतं की ते पुन्हा सरळ होत नाही, उलट शेजारच्याला आपल्यासारखं करतं. माणसाच्या मेंदूत असे आजार होतात. पट्टीत का होणार नाहीत? फक्त कुणीतरी ते कण या घरातून त्या घरी न्यायला हवे होते.

तुषारला सांगायला मला संध्याकाळपर्यंत धीर झाला नाही. शलाका आत पडली होती. तो दुकानात, म्हणजे आमच्याच पुढच्या खोलीत, पेचकस पुसत बसला होता.

"असं कसं होईल, ताई?" तो म्हणाला. "ती पट्टी कोरी आहे. तिला मी कधी काही शिकवलंच नाही. तिच्यात काही नाहीच तर बिघडणार काय?"

"म्हणूनच ती बिघडलेली दिसत नाही. कोऱ्या वहीत चूक कशी सापडेल? जिच्यात काही लिहिलेलं असतं तिचंच नासतं."

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला. मग त्यानं कपाटातून पाकीटबंद दोन नव्या पट्ट्या काढल्या. दोन वेगळ्या यंत्रांत बसवल्या, दोघींना तेच शिकवलं, आणि एकीच्या शेजारी एक दिवस खात्रीची पट्टी ठेवली. आठवड्यात ते यंत्र बंद-चालू होऊ लागलं. दुसरं मजेत चालत होतं. तुषारनं चष्म्याची डबी बंद केली आणि तिच्यावर हात ठेवून बसला. रडला नाही. मला वाटतं, रडला असता तर पुढचं सोपं गेलं असतं.

पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीचं पत्रक त्यानंतर काही दिवसांनी आलं. अनेक शहरांत हेच झालं होतं, दुरुस्तीवाले सगळीकडे एकाच शाळेत शिकलेले. आजाराला इलाज नाही, असं त्यात सभ्य शब्दांत लिहिलं होतं. चालू होतानाच्या उबेत ही नवी घडी सुटत तर नाहीच, उलट जास्त वेगानं पसरते. म्हणजे कॉम्प्युटर बरा व्हायला म्हणून जितक्यांदा बंद-चालू होत होता तितका आजाराला खायला घालत होता. थंडीत ठेवली तर पट्टीतली आजाराची वाढ थांबते, एवढाच एक दिलासा.

नवी पट्टी घेता आली असती. वाचा-उपचाराच्या बाईंना मी फोन केला, तर त्यांनी आधी किती शब्द उरलेत ते विचारलं. पहिल्या वेळी पट्टी शिकली ती शलाकाकडे थोडे शब्द होते म्हणून. ती बोलायची, पट्टी जुळवायची. आता कशाशी जुळवणार? "एका शब्दावरून भाषा शिकवता येत नाही हो, बाई," त्या म्हणाल्या.

तुषारनं गावाला सगळं सांगितलं. हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. ज्यांच्या ज्यांच्याकडे तो गेला होता त्या प्रत्येक दारात पुन्हा गेला आणि म्हणाला, तुमचा बिघाड माझ्या हातानं आला. काहींनी शिव्या दिल्या. चौगुल्यांनी ऐकून घेतलं, चहा विचारला नाही आणि दार लावलं. त्यांच्या कॉम्प्युटरात त्यांच्या गेलेल्या बायकोच्या बोलण्याच्या तऱ्हा मुरल्या होत्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तुषार मान खाली घालून पुढच्या घरी गेला.

फक्त एका घरात त्यानं सांगितलं नाही. शलाकाला तो एवढंच म्हणाला, "पट्टीला रोग लागलाय." कसा लागला ते गाळलं. मला म्हणाला, "सांगतो ना, ताई. जरा तिचं बोलणं सुधारू दे."

"ते सुधारणार नाहीये, तुषार."

"सांगतो म्हटलं ना."

त्याला पट्टी फ्रीजमध्ये ठेवायची होती. वर्ष-दोन वर्षांत कुणीतरी औषध काढेल, तोवर जे उरलंय ते तरी टिकेल. शलाकानं साफ नकार दिला.

"मी लोणचं नाही," ती म्हणाली. "मला मुरवून ठेवू नका. आहे तेवढं बोलू दे." खोकं मध्ये दोनदा बंद पडलं, पण तिनं वाक्य पुरं केलं.

तरी एका दुपारी ती झोपली असताना तुषारनं पट्टी काढलीच आणि लोण्याच्या भांड्याशेजारी ठेवली. ती उठली, पट्टा बांधला, खोक्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडला, गारढोण पट्टी हातात घेऊन त्याच्यासमोर आली.

"मंगळवार," ती म्हणाली. त्या मंगळवारात काय काय शिव्या होत्या ते आम्हा दोघांनाही कळलं. त्यानं मुकाट्यानं पट्टी बसवली.

त्यानंतरचे दिवस ती बोलत राहिली. आधी अडखळत का होईना, मोठी वाक्यं बोलायची. स्टँडवरच्या मैत्रिणींना फोन केले. मला पुरणाचं प्रमाण सांगितलं, जे तिच्याहून माझंच बरोबर होतं, पण मी वाद घातला नाही. मग दोन बंद पडण्यांमधला वेळ आकसत गेला आणि ती वाक्यं आधी मनात जुळवून लहान करू लागली. जन्मभर ऐसपैस बोललेली बाई पोस्टाच्या तारेसारखं मोजकं बोलू लागली. "पाणी." "खिडकी लाव." "वन्सं, मीठ." "वन्सं, मीठ" हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तिला काहीतरी कळलं असावं. एकदा तुषार समोर बसून नुसताच तिच्याकडे बघत होता तेव्हा ती म्हणाली, "गाडी किती वेळ," आणि खोकं बंद पडलं. चालू झाल्यावर, "उभी ठेवणार?" पुन्हा बंद, पुन्हा चालू. "बोल की."

"नंतर," तुषार म्हणाला.

"नंतर गाडी नाही."

तो उठून बाहेर गेला. मला त्याचा संताप आला होता. गावातल्या परक्या दारांत जाऊन जे बोलता आलं ते स्वतःच्या बायकोपुढे का बोलता येऊ नये? आता वाटतं, परक्यांनी दार लावलं तरी त्याला घर होतं. इथे दार लागलं तर कुठे गेला असता?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तो तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. मी ताटं उचलत होते, तशीच थांबले. त्यानं सगळं सांगितलं. खात्रीची पट्टी, चौगुले, गावातली घरं, खंडेनवमीची पूजा, रोज संध्याकाळी तिच्या बोलण्याला आधार म्हणून लावलेली पट्टी. काही लपवलं नाही, काही सारवलं नाही. शलाका त्याच्या तोंडाकडे बघत होती. खोकं तेवढा वेळ चालू राहिलं, ते एक आश्चर्यच. शेवटी तो म्हणाला, "माझ्यामुळे झालं, शलाका. मीच केलं."

तिनं कपाळावरचा पट्टा नीट केला. खोक्यातून तिचा आवाज आला, स्वच्छ, स्टँडवर यायचा तसा.

"तुषार, मला..."

दिवा विझला.

आम्ही थांबलो. तुषारचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. दिवा लागला, पंखा फिरला, आणि खोकं काहीच बोललं नाही. ती खोक्याकडे बघत राहिली. पट्टा काढून पुन्हा बांधला. दिवा पुन्हा विझला, पुन्हा लागला. असं किती वेळ चाललं मला माहीत नाही. मग तिनं तुषारकडे तोंड वळवलं आणि स्वतःच्या गळ्यातून म्हणाली, "मंगळवार."

त्या दिवसापासून ते खोकं नुसतंच बंद-चालू होत राहिलं. तुषारनं पट्टी थंड केली, कोरड्या हवेत ठेवली, दुसऱ्या यंत्रात लावली. शब्द म्हणून आला नाही. "तुषार, मला" याच्या पुढे काय होतं, याचा मी फार विचार करते. "मला माहीत होतं." "मला तुझं तोंड दाखवू नकोस." "मला पाणी दे." तिच्या स्वभावात तिन्ही बसतात. आणि तो मंगळवार कुठल्या स्वरात होता, हे आठवायला गेलं की दर वेळी वेगळं आठवतं. जेवढं जास्त आठवते तेवढं ते झिजत चाललं आहे, म्हणून हल्ली आठवायचं टाळते.

तुषार आता दुरुस्तीला जात नाही. त्याला कुणी बोलावतही नाही. त्याची ती डबी कुठे गेली मी विचारलेलं नाही. शलाकाची पट्टी मात्र फ्रीजमध्ये लोण्याशेजारी आहे, आणि कुणी हलवलेली त्याला खपत नाही.

मागच्या आठवड्यात शलाकाला घेऊन आम्ही स्टँडवर गेलो. कुठे जायचं नव्हतं. तिथे अजून तिचीच जुनी ध्वनिमुद्रणं वाजतात. नवा आवाज आणावा असं तिथे कुणालाच वाटलेलं नाही. बाकावर आम्ही तिघं बसलो, शलाका मध्ये. तुषारच्या शर्टाची कॉलर दुमडली होती ती तिनं सरळ केली. मी लगेच त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं माझ्याकडे. पण कॉलर ती लग्न झाल्यापासून रोजच सरळ करत आली आहे, त्यावरून काही धरता येत नाही.

पलीकडे पिशवी मांडीवर घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते शलाकाकडे वाकून म्हणाले, "ताई, कऱ्हाडची गाडी लागली का हो?"

"मंगळवार," शलाकानं सांगितलं. अगदी अदबीनं.

त्या गृहस्थांनी गोंधळून आमच्याकडे पाहिलं. तुषारनं बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून तिचाच आवाज आला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. इस्लामपूरमार्गे कऱ्हाडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे."

"हे बघा, लागली की," म्हातारे पिशवी सावरत उठले. जाता जाता शलाकाला म्हणाले, "ही बाई लई साफ बोलती हं. हिचं ऐकायचं, मग गाडी चुकत नाही."

शलाकानं मान हलवली. तुषार कर्ण्याकडे बघत बसला, पुढची गाडी लागेपर्यंत.